बावचीचं तेल लावून उन्हात बसलो, आता काय करू?

दरवर्षी या दिवसांत घामोळं आणि नायटा यांचीच पत्रं येतात. यंदा मात्र निम्म्याहून जास्त पत्रं फळांवर आहेत, म्हणजे कुठलं तरी फळ, त्यातलं कुठलं तरी 'अँटी-इन्फ्लेमेटरी', म्हणजे सूज-दाह कमी करणारं, द्रव्य, आणि ते माझ्या सोरायसिसवर किंवा नातवाच्या एक्झिमावर चालेल का असा प्रश्न. म्हणून हा सगळा अंक फळांनाच देऊन टाकला. काही पत्रं फार लांब होती ती कापलीत, राग मानू नका, आणि नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न: डॉक्टर, मी ३४ वर्षांचा, छत्रपती संभाजीनगरला असतो. कोपरांवर आणि गुडघ्यांवर सहा वर्षं सोरायसिस आहे. मित्र म्हणाला बावचीचं तेल लाव आणि गच्चीत कोवळ्या उन्हात बस, तर मी नऊ-साडेनऊला अर्धा तास बसलो. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त तेल लावून पाऊण तास बसलो. तिसऱ्या रात्री दोन्ही कोपर लालबुंद आणि सकाळी पाण्याने टम्म भरलेले फोड! आता सुकलेत पण काळे डाग पडलेत आणि फोडांच्याच जागी नवीन चट्टे येतायत. बावची वाईट की माझंच चुकलं?

उत्तर: दादा, बावची वाईट नाही, पण तुम्ही जे केलंत ते न मोजता केलंत. आधी एक गंमत सांगते, आपण जिला बावचीचं बी म्हणतो ते खरं तर अख्खं फळ असतं, एका बीची बारकी शेंग, साल बीला इतकी घट्ट चिकटलेली की वेगळी निघतच नाही. त्यामुळे तुमचं पत्र फळांच्या ढिगात अगदी बरोबर आलंय.

या फळात सोरालेन असतं. बावचीचं लॅटिन नाव सोरालिया, त्यावरूनच हे नाव पडलं. सोरालेन अंधारात फारसं काही करत नाही, ते पेशीतल्या डीएनएच्या शिडीत पायऱ्यांच्या मध्ये जाऊन बसतं. मग ऊन पडलं आणि त्यातले यूव्हीए नावाचे अतिनील किरण आत पोचले की ते शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना टाचून टाकतं, आणि मग त्या पेशीला दुभंगताच येत नाही. सोरायसिसमध्ये होतं काय, तर शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच कातडीवर उठते आणि जी पेशी खालून वर यायला एरवी महिनाभर घेते ती चार-पाच दिवसांत वर येऊन थडकते, म्हणून ते चंदेरी पापुद्रे. तिथे पेशींची ही घाई थांबवली आणि चट्ट्यात खवळलेल्या, त्या फौजेतल्याच टी-पेशी कमी केल्या तर चट्टा बसतो. म्हणजे तुमच्या मित्राचं ऐकीव ज्ञान मुळात खोटं नाही.

नाईलच्या काठी अमी मॅजस नावाचं एक रोप उगवतं, त्याची फळं तिकडे शेकडो वर्षं कोडावर देत आले. कैरोच्या डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात त्या फळांतून वेगळं काढलेलं मेथॉक्सीसोरालेन, म्हणजे सोरालेनचंच भावंड, कोडाच्या पेशंटना देऊन पाहिलं. मग १९७४ मध्ये बोस्टनच्या चार जणांनी तेच सोरायसिसवर वापरल्याचं छापलं, त्या चौघांत आपले भारतीय वंशाचे मधू पाठकही होते. पेशंटला गोळी द्यायची, दोन तास थांबायचं आणि मग यूव्हीएच्या पेटीत उभं करायचं. याला पुवा म्हणतात. फळातून निघालेलं द्रव्य सोरायसिसचं खरंखुरं, पाठ्यपुस्तकातलं औषध झालं त्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण हेच.

पण त्यात काय काय मोजलेलं असतं ते बघा. गोळी वजनावर, किरण कातडीच्या रंगावर, डोळ्यांना दिवसभर काळा चष्मा, दोन सेशनमध्ये दिवस सोडलेले. दिवस का सोडायचे, कारण सोरालेनचा भाजका लालपणा साध्या उन्हासारखा त्याच संध्याकाळी दिसत नाही, तो दोन-तीन दिवसांनी भरात येतो. तुम्ही नेमके तिथेच फसलात, पहिल्या दिवसाचा परिणाम दिसायच्या आधीच दुसरा डोस लावून मोकळे झालात! आणि बाटलीत सोरालेन किती हे बाटलीगणिक वेगळं, दुकानदारालाही ठाऊक नसतं. नवीन चट्टे आले त्याचं कारण म्हणजे सोरायसिसच्या माणसाला जिथे खरचटेल, भाजेल, तिथे तो रोग उगवतो, याला आम्ही कोब्नर म्हणतो.

आता तेल बंद. कोपर पूर्ण बाह्यांनी झाका, गाडीच्या काचेआडून पण यूव्हीए येतो हे लक्षात असू द्या. साधं पांढरं व्हॅसलिन लावा, काळे डाग जायला काही महिने लागतात, ते घासून काढायला जाऊ नका. आणि प्रकाशाचाच उपचार हवा असेल तर आता बहुतेक ठिकाणी नॅरोबँड यूव्हीबी देतात, ३११ नॅनोमीटरचा, त्याला सोरालेन लागतच नाही. पुवा वर्षानुवर्षं घेतलेल्या लोकांत कातडीच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं म्हणून पुवा मागे पडलं.

जाता जाता, लिंबात पण याच कुळातली द्रव्यं असतात, सालीत जास्त. मागे एक मुलगा आला, गोव्याला बीचवर बसून दुपारभर मित्रांसाठी लिंबं पिळत होता. मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी रेघा, रस जसा ओघळला होता अगदी तश्शा, शेवटी थेंबाचा आकारसुद्धा! आईला वाटलं कोणी मारलं. तेव्हा पुरळावर लिंबू चोळून बाहेर पडू नका, कोणीही सांगो.

प्रश्न: नमस्कार मॅडम, आम्ही गुहागरकडचे. सूनबाईंच्या अंगावर पित्त उठतं तेव्हा आमसुलं भिजवून ते पाणी लावते, तासा-दोन तासांत बसतं. आता नातवाच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे एक्झिमा आहे असं डॉक्टर म्हणाले, त्यालाही तेच लावू का? मुलगा म्हणतो कोकमातल्या गार्सिनॉलवर मोठं संशोधन झालंय.

उत्तर: काकू, नातवाला आमसुलाचं पाणी नको, मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, मात्र चालेल. थोडं सविस्तर सांगते कारण या दोन गोष्टींची गल्लत रोज ओपीडीत बघते.

पित्त उठणं म्हणजे गांधी येणं, त्याचा स्वभावच असा की एक गांध साधारण काही तासांत, फार तर दिवसभरात, आपणहून विरते आणि दुसरीकडे नवी येते. त्यामुळे त्यावर काहीही लावलं तरी गुण आल्यासारखं वाटतं, आमसूल, गेरू, राख, काहीही. गार ओल्या फडक्याने खाज खरोखर कमी होते, ते खोटं नाही, म्हणून सूनबाईंना लावत असाल तर लावा. फक्त ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर आमसूल शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, आणि सहा आठवड्यांच्या वर हा प्रकार चालला तरी दाखवा.

नातवाचं दुखणं निराळं. एक्झिमात कातडीची भिंतच गळकी असते, पाणी बाहेर निसटतं आणि बाहेरचं काहीही आत शिरतं. आमसुलाचं पाणी आंबट, त्यात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींना सुकवताना मीठ लावलेलं असेल तर झालंच, खाजवून सोललेल्या जागी पोर थयथयाट करेल. आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, तर अजिबात नको.

आता गार्सिनॉल. तुमचा मुलगा बरोबर वाचतोय. रातांब्याच्या सालीतलं हे पिवळं द्रव्य, २००४ मध्ये बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पेशीतली जनुकं चालू-बंद करणारं एक एन्झाइम ते अडवतं, आणि पुढे बऱ्याच प्रयोगशाळांत सूज पेटवणारे संदेश ते मंद करतं असं दिसलं. पण हे सगळं बशीतल्या पेशींवर, उंदरांवर. आणि गंमत म्हणजे गार्सिनॉल पाण्यात विरघळतच नाही म्हणावं इतकं कमी, तेलात विरघळतं. तुमच्या वाटीत जो सुंदर लाल रंग उतरतो तो वेगळ्याच द्रव्यांचा, जांभळाला रंग देतात त्या कुळातल्या. म्हणजे आपण वाटीत ज्याच्या भरवशावर आहोत ते सालीतच राहिलं.

मुठेल मात्र मला मनापासून आवडतं, माझी आजी बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेलं तेल काढून मुठीत दाबून त्याचे गोळे करायची, आजही टाचेच्या भेगांवर मी तेच लावते. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त, म्हणून ते थंडीत दगडासारखं आणि अंगावर लावलं की हळूच पातळ होतं आणि कातडीवर बसून राहतं. हे औषध नाही, लिंपण आहे, आणि एक्झिमाला अर्धी गरज लिंपणाचीच असते. आंघोळीनंतर अंग टिपून लगेच, ओलसर असतानाच लावा. घरी केलेलं असेल तर खवट वास येत नाही ना बघा. डॉक्टरांनी दिलेली ट्यूब बंद करायची नाही, कळलं ना?

प्रश्न: मी शारजाला राहते, माझा मुलगा दोन वर्षांचा. एसीत राहून कातडी भयंकर कोरडी होते, गालावर आणि हातांवर एक्झिमा. सासूबाई म्हणतात खोबरेल, इथली शेजारीण म्हणते ऑलिव्ह ऑइल, आणि स्टेरॉइडच्या ट्यूबची मला खूप भीती वाटते कारण कातडी पातळ होते म्हणतात. फळांपासूनचं नॅचरल तेलच बरं ना?

उत्तर: सासूबाई जिंकल्या. (हे वाक्य कापून फ्रिजवर लावू नका.)

नारळ पण फळच आणि ऑलिव्ह पण फळच, दोन्ही 'नॅचरल', आणि कातडीवर दोघांचं वागणं पार उलटं. फिलिपिन्समध्ये १ ते १३ वर्षांच्या ११७ एक्झिमाच्या मुलांवर एक चाचणी झाली, २०१४ मध्ये छापून आली. अर्ध्यांना व्हर्जिन खोबरेल आणि अर्ध्यांना मिनरल ऑइल, आठ आठवडे. खोबरेलवाल्यांचा एक्झिमाचा स्कोअर सरासरी ६८ टक्क्यांनी उतरला आणि मिनरल ऑइलवाल्यांचा ३८. म्हणजे नुसतं काहीतरी तेलकट लावण्याचाही गुण आहेच, पण खोबरेलाचा त्याच्या वर आहे. का, तर खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, आणि एक्झिमाच्या कातडीवर जो स्टॅफ नावाचा जंतू ठाण मांडून बसतो त्याला ते आणि त्यापासून होणारं मोनोलॉरिन मारक ठरतं. तिथल्याच आधीच्या एका चाचणीत मोठ्या माणसांवर खोबरेल आणि ऑलिव्ह समोरासमोर लावून पाहिलं होतं, त्यातही जंतू हटवण्यात खोबरेल पुढे.

ऑलिव्हचं उलट आहे. त्यात ओलेइक आम्ल भरपूर, ते कातडीच्या वरच्या थरातली चरबीची वीण विस्कटतं. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या लोकांनी मोठ्या माणसांच्या हातावर ऑलिव्ह तेल काही आठवडे लावून पाहिलं, तर कातडीची भिंत कमकुवत झाली आणि हलका लालपणा आला. तेव्हा ते सॅलडवर घाला, पोराच्या गालावर नको.

खोबरेल घेताना कोल्ड प्रेस्ड, बिनवासाचं नको, नारळाच्याच वासाचं घ्या. चमेली-जास्वंद घातलेलं केसांचं तेल नको, त्यातला सुगंधच त्रास देतो. आणि डोक्यात किंवा भुवयांत पिवळसर कोंडा असेल तर तिथे नको, तिथली यीस्ट असल्या तेलांवर पोसते.

आता तुमची भीती. पोर रात्रभर खाजवतंय, चादरीवर रक्ताचे ठिपके, आणि घरात ट्यूब पडून आहे पण लावायची हिंमत नाही, अशा आया मी रोज बघते आणि त्यांना रागवावंसं वाटत नाही, कारण ही भीती उगाच आलेली नाही. गोरं होण्यासाठी स्टेरॉइडची मिक्स क्रीमं वर्षानुवर्षं चेहऱ्याला फासून आपल्या लोकांनी कातडीची वाट लावून घेतलीय, भारतात २०१८ मध्ये सरकारला ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घालावी लागली. पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेली सौम्य ट्यूब, सांगितलेल्या दिवसांपुरती, ही वेगळी गोष्ट. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, ते मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. तेवढंच. आधी ट्यूब, थोडं थांबून मग खोबरेल. आग विझली की ट्यूब थांबवा, खोबरेल रोज चालू ठेवा. आणि गालावर पिवळ्या खपल्या किंवा पाण्याचे दाणे दिसले, ताप आला, तर तेलाने भागायचं नाही, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: आमची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. एक जण म्हणतो साली वाळवून पावडर करून कॅप्सूल भरा, सोरायसिसवर जबरदस्त चालतात, द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलपासून अमेरिकेत क्रीम पण निघालंय म्हणे. पैसे घालू का?

उत्तर: नका घालू. निदान 'सोरायसिसवर' असं लेबल लावून तरी नको.

डाळिंबाच्या सालीत एलॅजिटॅनिन असतात, कच्ची साल चावून जीभ आखडते ते त्यांच्यामुळेच. पोटात गेल्यावर आतड्यातले जंतू त्यांचं युरोलिथिन बनवतात, पण ते जंतू सगळ्यांकडे नसतात, म्हणजे तीच कॅप्सूल तुम्ही खाल्ली आणि तुमच्या भावाने खाल्ली तर एकाच्या रक्तात काहीतरी येईल आणि दुसऱ्याच्या काहीच नाही. यावर सोरायसिसचा उपचार उभा करणं म्हणजे पाऊस पडेल या भरवशावर डाळिंबाचा बहार धरण्यासारखं, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

क्रीमचं मात्र त्याने अर्धवट ऐकलंय. टॅपिनारोफ नावाचं ते क्रीम, अमेरिकेत २०२२ मध्ये सोरायसिसला मंजूर झालं आणि २०२४ च्या शेवटी एक्झिमालाही. रेणू द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलचा चुलतभाऊ शोभेल असा, पण सापडला कुठे? मातीतल्या सूत्रकृमींच्या पोटात राहणाऱ्या एका जंतूत! सूत्रकृमी म्हणजे तुमच्या बागेत मुळांना गाठी आणतात त्यांचेच लांबचे नातेवाईक, हे मात्र किडींना मारणारे. आणि ते मंजूर कसं झालं तर हजारावर पेशंट, अर्धवट नाही पूर्ण बारा आठवडे, काहींना खरं क्रीम काहींना नुसता मलम, कोणाला काय दिलंय हे डॉक्टरलाही माहीत नाही. खऱ्या क्रीमने कातडी साफ किंवा जवळपास साफ झाली ३५ ते ४० टक्के लोकांची, नुसत्या मलमाने ६ टक्के लोकांची. कॅप्सूलवाल्याला सांगा असे दोन आकडे घेऊन ये, मग बोलू.

प्रश्न: मिरचीचं क्रीम खाजेवर लावतात हे खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: कोल्हापूरहूनच येणार हा प्रश्न! हो, खरं. मिरची फळच, आणि तिच्यातलं कॅप्सायसिन ०.०२५ टक्के इतकं पातळ करून क्रीममध्ये घालतात. खाजेच्या आणि आगीच्या मज्जातंतूंवर तिखट ओळखणारं एक दार असतं, ते शोधलं डेव्हिड ज्युलियस यांनी, त्यासाठी २०२१ चं नोबेलही मिळालं. ते दार सारखं सारखं वाजवलं की मज्जातंतू दमतो, त्याच्याकडचा निरोप्या संपतो आणि खाज पोचवायचं सोडून देतो. जुनाट गाठींची खाज, पाठीवर एकाच जागी येणारी खाज, सोरायसिसची खाज, यांत ते वापरून झालंय. त्रास असा की पहिले काही दिवस चांगलंच पोळतं आणि दिवसातून तीन-चारदा लावावं लागतं, त्यामुळे बरेच जण तिसऱ्या दिवशीच सोडतात. सोललेल्या कातडीवर, डोळ्यांजवळ कधीच नको. आणि घरचं लाल तिखट तेलात कालवून लावलेला एक पेशंट मी बघितलाय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

प्रश्न: मी सावंतवाडीचा, वय ५८. सोरायसिस फार पसरल्यामुळे डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन चालू केलंय आणि ग्रेपफ्रूट खायचं नाही म्हणाले. ते फळ आमच्याकडे मिळतच नाही, मग काळजी नाही ना?

उत्तर: काका, आहे. ग्रेपफ्रूटचं जवळचं भावंड म्हणजे आपलं पपनस, तुमच्याकडचं तोरंजन. सोरालेनच्याच कुळातली द्रव्यं त्यातही असतात, आणि ती आतड्याच्या भिंतीतलं औषध मोडणारं एन्झाइम निकामी करतात. मग नेहमीच्याच गोळीतून रक्तात सायक्लोस्पोरिन जास्त चढतं, आणि ते जास्त झालं की मूत्रपिंडावर आणि बीपीवर येतं. गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी असं करूनही सुटका नाही, कारण ते एन्झाइम नव्याने तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात. संत्रं-मोसंबं खाल्लं तर चालेल. चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला तोरंजन खुशाल बांधा, उतरवल्यावर सोलायचं काम पण करा, फोडी मात्र नातवंडांना वाटून टाका आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख चुकवू नका.